पोवाड्याचें बाड आणि पोवाड्याचा फड

(१)

जुन्या शाहिरी कवनांच्या शोधांत हिंडणाऱ्या संग्राहकास एक अनुभव हटकून येतो. एकाच पोवाड्याचीं दोन बाडें दोन निरनिराळ्या गांवीं हातीं लागतात. दोहोंच्या शेवटीं शाहिराचें नांव एकच असतें, कथाहि एकच असते. परंतु ओळीशीं ओळ ताडून पाहूं लागलें म्हणजे दोन्ही पाठ एकमेकांशीं जुळत नाहींत. एकांत चार चौक अधिक, तर दुसऱ्यांत लढाईचें वर्णन दुप्पट. एकांत सरदारांची नामावळी लांबलचक, तर दुसऱ्यांत तिचा मागमूसहि नाहीं. अशा वेळीं ग्रंथसंपादनाची जी रीत आपण पोथ्यांवरून शिकलों, ती आपणांस असें सांगते कीं, यांतील एक पाठ मूळचा असला पाहिजे व दुसरा भ्रष्ट असला पाहिजे. मूळ कोणता तें ठरवावें, तो छापावा, आणि उरलेला तळटीपेंत घालावा किंवा टाकून द्यावा.

पोथीच्या बाबतींत ही रीत योग्यच आहे. परंतु पोवाडा म्हणजे पोथी नव्हे. तो वाचण्यासाठीं रचलेला नसून उभ्यानें, डफाच्या तालावर, समोर बसलेल्या जमावास ऐकविण्यासाठीं रचलेला असतो; आणि जेव्हां जेव्हां तो ऐकविला जातो तेव्हां जागा, प्रसंग, यजमान व श्रोते हे चारहि निराळे असतात. त्या चोहोंचा परिणाम शब्दांवर होतो, आणि शब्द न बदलले तरी अर्थावर होतोच होतो. पोवाड्यांतील व लावणींतील पाठभेद हा दर वेळीं लेखकाचा प्रमाद नसून पुष्कळदां तो एखाद्या बैठकीचा पुरावा असतो, हें कांहीं प्रसिद्ध उदाहरणांनीं दाखवावें, आणि ‘हा पोवाडा पूर्वींच छापून झाला आहे’ एवढ्याच कारणावरून जीं बाडें बाजूस पडतात तीं वांचवावीं अशी संग्राहकांस विनंती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) बाडांत काय असतें व काय नसतें

शाहिराचें किंवा गोंधळ्याचें बाड बहुधा लांबट, हातानें शिवलेलें व हाताळून कडा झिजलेलें असें असतें. त्यांत पोवाडे, लावण्या, पदें, भूपाळ्या आणि क्वचित् देण्याघेण्याचा हिशेब अशी सरमिसळ आढळते. लिपि कधीं बालबोध, कधीं मोडी. ध्रुपद आरंभीं एकदां पूर्ण लिहिलेलें असतें. पुढें प्रत्येक कडव्याच्या अखेरीस नुसती ‘ध्रु॰’ एवढी खूण. माथ्यावर चाल म्हणून दुसऱ्या एखाद्या परिचित गाण्याचे आरंभीचे दोन शब्द दिलेले असतात. ज्यास तें गाणें ठाऊक त्यास तेवढ्यानें सर्व कांहीं कळतें. ज्यास ठाऊक नाहीं त्यास त्या दोन शब्दांपासून कांहींच बोध होत नाहीं.

आतां बाडांत काय नसतें तें पाहूं. मुख्य शाहिरानें ओळ टाकल्यावर झीलकऱ्यांनीं ती कोठें उचलली, कोणती ओळ दोनदां घेतली, ‘जी जी’ चा सूर कोठवर लांबविला, हें बाडांत नसतें. गोंधळ्याच्या मेळांत संबळ व तुणतुणें यांच्या साथीनें नाईक कथा सांगूं लागला म्हणजे त्याचा एक साथीदार मधून मधून प्रश्न विचारतो, शंका काढतो, थट्टा करतो, आणि त्या प्रश्नोत्तरांतून कथेचा अर्थ श्रोत्यांच्या गळीं उतरतो. हें गद्य निरूपण जवळजवळ कधींच लिहिलेलें नसतें. जेथें तें चुकून लिहिलें गेलें आहे तेथें संपादक त्यास ‘छंदोभंग’ किंवा ‘लेखकाची भर’ म्हणून वगळतो. कलगीतुऱ्याच्या कवनांत तर याहून मोठी हानि होते. तेथें एका फडानें टाकलेला सवाल व दुसऱ्या फडानें दिलेला जबाब मिळून गाणें पुरें होतें. एकाच पक्षाचें बाड हातीं आलें म्हणजे संवादाचा अर्धा भागच आपणांजवळ आला, हें विसरतां कामा नये.

तात्पर्य, बाड हा ग्रंथ नव्हे. तें गाणाराचें टाचण होय. टाचणावरून ग्रंथाची अपेक्षा केली म्हणजे त्यांत दोषच दोष दिसूं लागतात. टाचण म्हणून तें वाचलें तर तेच दोष बोलके होतात.

(३) सिंहगडचा पोवाडा

याचें उत्तम उदाहरण म्हणजे तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा. मूळ घटना सर्वांस माहीत आहे. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत कोंडाणा होता. तो माघ वद्य ९ शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं, तानाजी मालुसरे यानें प्राण देऊन परत मिळविला. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजी येथें लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत हा प्रसंग थोडक्यांत आला आहे. तेथें गडाच्या मोबदल्यांत गडासारखाच माणूस गेला अशा आशयाचा शोक महाराजांच्या तोंडीं आहे. सिंहाचा उल्लेख तेथें नाहीं, घोरपडीचाहि नाहीं.

पोवाड्यांत मात्र जिजाबाई प्रतापगडावरून सिंहगड पाहतात, महाराजांशीं सोंगट्या खेळून डाव जिंकतात व पणांत तो किल्ला मागतात. तानाजी उमरठ्यास मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या गडबडींत असतो. तें लग्न बाजूस ठेवून तो ऐंशी वर्षांच्या शेलारमामासह निघतो. घोरपड लावून कडा चढतात, आणि मग ती प्रसिद्ध लढाई. पुढें हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीनें त्या प्रसंगाची जी घडण केली तीच आज प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडीं आहे. वास्तविक सिंहगड हें नांव तानाजीच्या मृत्यूच्या आधींपासून चालू होतें, महाराजांच्या इ. स. १६६३ च्या एका पत्रांतच तें आढळतें. तेव्हां त्या मृत्यूवरून नांव पडलें हें म्हणणें टिकत नाहीं.

समकालीन अस्सल पत्रांस अग्रस्थान द्यावें व मागाहूनच्या कथनांवर सहसा विसंबूं नये, हा राजवाडे यांनीं घालून दिलेला दंडक येथें लावला कीं, पोवाडा पुराव्यांतून बाद होतो. १६७० साठीं तो बाद व्हावा हें योग्यच. परंतु येथें एक प्रश्न शिल्लक राहतो व तो सहसा विचारला जात नाहीं. हा पोवाडा १६७० चा साक्षीदार नसेल, तर तो कशाचा साक्षीदार आहे?

उत्तरासाठीं तो जेथें गाइला जात असे त्या ठिकाणीं जाऊन बसलें पाहिजे. गोंधळ घालावयाचा तो बहुधा घरांतील लग्नमुंजीसारखें मंगलकार्य पार पडल्यावर. मांडव अजून उतरलेला नाहीं, नवरानवरी, व्याही, मामा, आत्या सर्व मंडळी समोर बसली आहेत. चौक मांडला आहे, दिवटी पेटली आहे, तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी येथील देवतांस गोंधळास येण्याचें आवाहन झालें आहे. रात्र चढते आणि नाईक सिंहगडचा पोवाडा उभा करतो. आतां रायबाच्या लग्नाचा भाग पुन्हां पाहावा. कागदावर तो तानाजीच्या स्वामिनिष्ठेचें एक अलंकारिक प्रमाण वाटतो. मांडवांत बसलेल्या यजमानास मात्र तो थेट स्वतःवर टाकलेला प्रश्न वाटतो. त्यानें नुकतेंच लेकाचें लग्न सुखरूप पार पाडलें आहे. ज्या बापानें लेकाचें लग्न अर्ध्यावर टाकलें व जो परत आलाच नाहीं, त्याची कथा तो ऐकत आहे. म्हातारा शेलारमामाहि तेथें नुसता योद्धा राहत नाहीं. मांडवांत मानानें बसलेला जो मामा, त्याच्या नात्याचा तो होतो. सोंगट्यांच्या डावाचेंहि तसेंच. लग्नांतील वधूवरांचे खेळ ज्यांनीं त्याच आठवड्यांत पाहिले, त्यांस राजमातेचा हा डाव परका वाटत नाहीं.

या भागांस ऐतिहासिक आधार मिळत नाहीं, पण प्रयोगाचा आधार पूर्ण मिळतो. गोंधळाच्या मांडवांत ज्या गोष्टींनीं श्रोत्यांच्या काळजास हात घातला त्या पोवाड्यांत टिकल्या व वाढल्या, असें आम्हांस वाटतें. तेव्हां या पोवाड्याच्या एखाद्या प्रतींत लग्नाचा भाग मोठा व दुसरींत तोकडा आढळला, तर एक भ्रष्ट व एक शुद्ध असें न म्हणतां, एक मांडवांतली व दुसरी कदाचित् जत्रेंतली किंवा तालमींतली, अशी शंका घेऊन पुढील तपास करणें अधिक फलदायी होईल.

अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाच्या पोवाड्यासंबंधींहि हेंच म्हणतां येईल. इ. स. १६५९ च्या त्या प्रसंगावर शाहिरानें कवन केलें व महाराजांनीं त्यास घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस दिला, असें परंपरा सांगते. मूळ शाहिराच्या दृष्टीनें ही कृतज्ञता. पण पिढ्यांमागून पिढ्या दुसऱ्याच गाणाऱ्यांनीं तो प्रसंग दुसऱ्याच यजमानांपुढें सांगितला म्हणजे त्या बक्षिसाच्या उल्लेखास यजमानानेंहि हात सैल सोडावा अशा सूचनेचा अर्थ येतो. शब्द तेच, परंतु कोण कोणास ऐकवीत आहे यावर अर्थ फिरतो.

(४) पुण्यांतील पोवाडा: पेशवाईंत व पेशवाईनंतर

शब्द न बदलतां अर्थ कसा बदलतो याचें ठळक उदाहरण खुद्द पुण्यांत आहे. उत्तर पेशवाईंतील शाहिरांनीं शनिवारवाड्याच्या वैभवाचीं वर्णनें केलीं. प्रभाकरानें सवाई माधवरावांच्या रंगाचा पोवाडा रचला. अनंत फंदी यानें खर्ड्याच्या लढाईवर, म्हणजे १७९५ च्या विजयावर, कवन केलें. सवाई माधवराव त्याच वर्षीं वारले. पुढें बावीस वर्षांनीं, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीची लढाई झाली व १७ नोव्हेंबरास शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. १८२८ त वाड्यास मोठी आग लागून आंतील इमारती भस्म झाल्या.

प्रभाकर ही आग पाहण्यास हयात होता. त्याच्याच वाणींतून दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यनाशाचा विलापहि निघाला आहे. आतां एखाद्या बाडांत रंगाचा पोवाडा व लगेच त्यापुढें राज्य गेल्याचा पोवाडा एकाच हातानें लिहिलेले आढळले, तर तो क्रम केवळ योगायोग समजूं नये. वाड्यांत रंग उडत असतां ऐकलेलें रंगाचें वर्णन ही स्तुति. वाड्याच्या जळक्या चौथऱ्यांशेजारच्या पेठेंत १८३० च्या सुमारास ऐकलेलें तेंच वर्णन हा शोक. पिचकाऱ्या, अत्तरें, हत्तीघोडे यांची यादी जितकी लांब तितका त्या श्रोत्याच्या गळ्यांत दाटलेला हुंदका मोठा. हा अर्थ प्रभाकरानें घातलेला नाहीं. तो काळानें व श्रोत्यांनीं घातला. छापील पुस्तकांत दोन पोवाडे विषयवारीनें निरनिराळ्या ठिकाणीं गेले म्हणजे बाडांतील हा शेजार मोडतो, आणि त्याबरोबर तो कसा ऐकला जात होता याची एकमेव खूणहि नाहींशी होते. म्हणून बाडांतील कवनांचा क्रम हाहि पाठाचाच भाग मानावा, असें आम्ही सुचवितों.

(५) होनाजी आणि बाळा

गाणाऱ्याचा कवनांतील वाटा किती, याचा निवाडा एका शाहिरी जोडीनें स्वतःच करून ठेवला आहे. ‘होनाजी बाळा’ हें एकाच माणसाचें नांव आहे असें आजहि पुष्कळांस वाटतें. तीं वास्तविक दोन नांवें. होनाजी गवळी व बाळा शिंपी. पहिल्यानें रचावें व दुसऱ्यानें गावें अशी त्यांची वांटणी होती. कवनाच्या शेवटच्या चौकांत नाममुद्रा घालण्याचा मान रचणाराचा. तेथें गाणाराचेंहि नांव बरोबरीनें बसविलें आहे, यावरून गळ्याचा हक्क लेखणीच्या हक्काएवढाच त्यांनीं मानला होता असें उघड होतें. संपादक मात्र सूचींत होनाजीस कवि म्हणतो व बाळास विसरतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयानें होनाजीनें लावणी रागदारीच्या अंगानें बैठकींत आणली, असें परंपरा सांगते. या एका स्थलांतरानें लावणीचा अर्थ किती पालटला याचा विचार करावा. फडांत उभ्यानें, ढोलकीच्या ठेक्यावर, शेंकडों लोकांपुढें गाइलेली विरहिणीची तक्रार चटकदार वाटते. तिच्यांत शब्दांस ठसका लागतो, व शेवटची कलाटणी सर्वांस एकदम ऐकूं जावी लागते. तीच लावणी बसून, तंबोऱ्याच्या सुरांत, पांचपंचवीस दर्दी श्रोत्यांपुढें आली म्हणजे एकेका ओळीवर थांबतां येतें, एक शब्द दहा प्रकारांनीं म्हणतां येतो, आणि थट्टेच्या जागीं खरी व्यथा येते. दोन बाडांपैकीं एकांत त्या लावणीचे पांच चौक व दुसऱ्यांत दोनच असले, तर दोन चौकांचें बाड ‘अपुरें’ ठरविण्यापूर्वीं तें बैठकीचें आहे काय हें पाहावें. बैठकींत दोन चौकांस रात्रीचा प्रहर पुरत नाहीं.

याच होनाजीची भूपाळी मराठी घरांतून पहाटे म्हटली जात आली. शृंगाराच्या शाहिराचें तें कवन देवघरांत गेलें तेव्हां शाहिराचें नांव मागें पडलें व तें घरचें झालें. पुढें १९५१ त व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ या बोलपटांत वसंत देसाई यांनीं तिला चाल दिली. पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांच्या आवाजांत ती सर्वत्र पोंचली. तेव्हांपासून महाराष्ट्रास ती त्याच चालीवर ठाऊक आहे. एका दृष्टीनें हें भाग्यच. परंतु त्यापूर्वीं कोणत्या घरीं ती कोणत्या चालीवर म्हणत, हें सांगणारीं माणसें आतां उरलेलीं नाहींत, आणि तशी टिपणें ज्या वह्यांतून असण्याचा संभव त्या वह्याहि दिवसेंदिवस नाहींशा होत आहेत.

(६) जुनें कवन, नवा आरोप

गाण्याचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो, हें विद्वानांपूर्वीं सरकारास कळलें होतें. जून १८९७ त पुण्यास शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. १५ जूनच्या ‘केसरी’ च्या अंकांत त्या उत्सवाचा वृत्तांत व शिवाजीमहाराज पुन्हां अवतरून देशाची स्थिति पाहून बोलत आहेत अशी कविता, हीं दोन्ही छापलीं गेलीं. एका आठवड्यानें, २२ जूनच्या रात्रीं, रँडवर गोळी झाडली गेली. पुढें टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस १४ सप्टेंबर १८९७ रोजीं अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्यांत ही कविता व उत्सवांतील व्याख्यानांचा वृत्तांत हाच फिर्यादीचा आधार होता. कविता एका दिवंगत राजाच्या मुखांतली. पण ती कोठें, केव्हां व कोणापुढें आली यावर न्यायासनानें तिचा अर्थ ठरविला. पुढें सावरकरांचे सिंहगडावरील व बाजीप्रभूवरील पोवाडे सरकारनें जप्त केले. विषय सतराव्या शतकाचा, कथा सर्वांस पाठ. तरी जप्तीची गरज भासली, कारण धोका कथेंत नसून ती ऐकणाऱ्या जमावांत होता.

त्याच रूपानें याहून निराळें कार्यहि केलें आहे. १८६९ त जोतीराव फुले यांनीं शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचून छापला. दरबारी स्तुतीचें व गोंधळ्याच्या परंपरेचें तें साधन त्यांनीं शेतकऱ्याचा राजा शेतकऱ्यांपुढें उभा करण्यासाठीं घेतलें. श्रोता बदलला, म्हणून नायकहि निराळा दिसूं लागला.

विसाव्या शतकांतील उदाहरण अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचें. रूप लावणीचें, विषय पोटासाठीं मुंबईस आलेल्या माणसाच्या विरहाचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत ती सभासभांतून गाइली गेली, आणि गांवीं राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहूं पाहणारा मराठी मुलूख, हा अर्थ शाहिरानेंच तींत गुंफला. १ मे १९६० रोजीं राज्य झालें. बेळगांव व कारवार बाहेर राहिले. त्या दिवसानंतर तीच छक्कड पुण्यांत म्हटली तर मागील लढ्याची आठवण होते, सीमाभागांत म्हटली तर न मिटलेली तक्रार होते. एक अक्षर न बदलतां एकाच कवनाचे येथें दोन अर्थ झाले आहेत.

(७) पाठभेदांचे प्रकार

वरील विवेचनावरून सर्वच पाठभेद सारख्या योग्यतेचे आहेत, असें मात्र कोणीं समजूं नये. व्यवहारासाठीं त्यांचे चार वर्ग करतां येतील.

पहिला वर्ग लेखनाच्या चुकांचा. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं व शब्द तोडून लिहिले जात नाहींत. त्यामुळें नक्कल करणाराची चूक होते. अशा ठिकाणीं अर्थच लागत नाहीं, ही ओळखण्याची खूण. या चुका सुधाराव्या.

दुसरा वर्ग तालासाठीं झालेल्या फेरफारांचा. अधिकचीं संबोधनें, पुनरुक्ति, ‘जी’, ‘रे’, ‘हो’ यांसारखीं भरणाचीं अक्षरें हीं त्यांतलीं. कागदावर तीं छंद बिघडवितात, पण डफावर म्हणून पाहिलें तर तींच छंद सांभाळतात. म्हणून छंदोभंगाचा निर्णय डोळ्यांनीं न करितां कानांनीं करावा.

तिसरा वर्ग स्थळ व यजमान यांच्यामुळें झालेल्या बदलांचा. ज्या गांवीं गाणें झालें तेथील ग्रामदैवत आवाहनांत शिरतें. ज्या घराण्याच्या वाड्यांत झालें त्याचा पूर्वज लढाईंत चार पावलें पुढें येतो. लढाईच्या इतिहासास असा पाठ निरुपयोगी, किंबहुना घातक. परंतु तो पोवाडा कोणत्या मुलखांत फिरला, कोणत्या घराण्यानें शाहिरांस आश्रय दिला, याचा दुसरा लेखी पुरावा पुष्कळदां मिळतच नाहीं.

चौथा वर्ग कालविपर्यासाचा. मागाहूनचीं पदें, हुद्दे, हत्यारें व नाणीं जुन्या कथेंत येतात. संपादकास तीं खुपतात. पण गाणारानें आपल्या श्रोत्यांस कळावें म्हणून चालू काळाचा शब्द घातला, असें मानलें तर तोच शब्द त्या पाठाच्या काळाचा दाखला होतो. अशा एका शब्दानें ती प्रत कोणत्या पिढीच्या तोंडची हें जेवढें निश्चित होतें तेवढें कागदावरून किंवा शाईवरूनहि नेहमीं होत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. ‘अशा रीतीनें प्रत्येक भेसळीस पुराव्याचा मान दिला तर इतिहास व दंतकथा यांतील रेघच पुसली जाईल.’ आक्षेप रास्त आहे. परंतु तो दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळें उत्पन्न होतो. प्रसंग कसा घडला, हा एक प्रश्न. तो पुढें कोणीं कोणास कसा सांगितला, हा दुसरा. पहिल्यासाठीं पोवाड्यास अस्सल पत्राच्या खालींच बसविलें पाहिजे. दुसऱ्यासाठीं मात्र पोवाड्याइतकें अस्सल कागदपत्र नाहीं. एका साक्षीदारास एका खटल्यांत अविश्वसनीय ठरविलें म्हणून दुसऱ्या खटल्यांतूनहि हांकलून देणें न्याय्य होत नाहीं.

(८) छापखाना आणि गळा

पोवाड्यांस प्रथम मोठ्या प्रमाणावर छापील रूप मिळालें तें हॅरी अर्बथनॉट ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या १८९१ तील संग्रहानें. गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे उतरवून घेण्याचे त्यांचे श्रम मोठे. ते नसते तर कित्येक कवनें आज नामशेष असतीं. ॲक्वर्थ यानें त्यांपैकीं कांहींचें इंग्रजी भाषांतर १८९४ त लंडन येथें प्रसिद्ध केलें. पुढें यशवंत नरसिंह केळकर यांनीं १९२८ पासून पोवाड्यांस ऐतिहासिक टीपांची जोड देऊन संशोधनाचा पाया घातला. या सर्वांचें ऋण मान्य करूनच पुढील गोष्ट सांगावयाची आहे.

छापील पाठ निघाला कीं गाणारेहि त्याकडे वळतात. एकदां पुस्तक हातीं आलें म्हणजे गांवोगांवचे निरनिराळे पाठ त्या एका पाठाकडे ओढले जातात. स्कॉटलंडांत सर वॉल्टर स्कॉट यानें १८०२ त सीमाप्रांतांतील जुन्या गीतकथा छापल्या, तेव्हां ज्या वृद्धेकडून त्यानें गाणीं घेतलीं होतीं ती, कवि जेम्स हॉग याची आई, त्याच्यावर रागावली. हीं गाणीं म्हणण्यासाठीं होतीं, वाचण्यासाठीं नव्हतीं; तीं छापून त्यानें त्यांची मोहिनी घालविली व आतां तीं कोणी म्हणणार नाहीं, अशा आशयाचें तिचें म्हणणें हॉगनें नमूद केलें आहे. आमच्या गोंधळ्यांनीं असें कांहीं म्हटलें असेल तर तें कोणीं टिपून ठेवलेलें दिसत नाहीं.

युगोस्लाव्हियांत १९३३ ते १९३५ या काळांत मिल्मन पॅरी व त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनीं तंतुवाद्यावर वीरकथा गाणाऱ्या निरक्षर शाहिरांचें ध्वनिमुद्रण केलें. आपण तेंच गाणें शब्दशः पुन्हां म्हटलें, अशी शाहीर ग्वाही देत. मुद्रिकेवर मात्र दर वेळीं गाणें निराळें निघे. शाहीर खोटें बोलत नव्हते. कथेचा क्रम, ठरीव वाक्प्रयोग व मर्म हीं सांभाळलीं म्हणजे गाणें तेंच राहिलें, अशी त्यांची समजूत होती. लॉर्डनें १९६० त हा विचार ग्रंथरूपानें मांडला.

फार दूर जावयासहि नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ पर्यंत सिद्ध केली. तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९३३ तील आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत महाभारत हा कधींहि एकाच ठाम रूपांत बसलेला ग्रंथ नव्हता, हें स्पष्ट केलें आहे. म्हणूनच त्या आवृत्तींत मूळ पाठाबाहेरचे श्लोकहि, कोणत्या प्रतींत कोणता श्लोक आहे हें सांगून, पानाच्या तळाशीं किंवा परिशिष्टांत छापले आहेत. निर्णय दिला, पण पुरावा जाळला नाहीं. महाभारतास जो न्याय लावला तोच तुळशीदासास व होनाजीस लावावा, यापेक्षां अधिक आमचें मागणें नाहीं.

(९) संग्राहकांस विनंती

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी. छापून झालेल्या कवनाचें बाड दुबार समजून टाकूं नये. उलट छापील पाठाशीं ताडून फरक टिपावेत. बाड सोडवून कवनें वेगळीं करूं नयेत. क्रम, समासांतील खुणा, चालीचे शब्द, मधलें गद्य व मागच्या पानावरचे हिशेब जसेच्या तसे उतरवावेत. बाड कोणाच्या घरचें, तें घराणें गाणारें कीं ऐकणारें, कोणत्या कार्यांत तें काढीत, हें विचारून तारखेसह लिहून ठेवावें. हें सांगणारें माणूस बाडापेक्षां आधीं जातें. आणि त्या घरीं अद्यापि कोणी म्हणणारें असेल तर त्याच्याकडून तें कवन एकदां नव्हे, दोनदां म्हणवून ध्वनिमुद्रित करावें. दोन्ही वेळां फरक पडला तर त्यास चुकला म्हणूं नये. तो फरक नेमका कोठें पडला, हीच तेथें टिपून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

ज्याच्या संग्रहीं अशीं ‘छापून झालेलीं’ बाडें पडून असतील, त्यानें पहिल्या सवडीस तीं रुमालांतून सोडून एकवार छापील प्रतीशेजारीं उघडावीं, एवढी प्रार्थना करून हा लेख संपवितों.